चार मिलिमीटर

माझं काम वजनाचं.
दुआर्नने बंदरावर, सार्डिनच्या बंद कारखान्यात
वरच्या मजल्यावर आमची कचेरी.
शेवटचा डबा भरून चाळीस वर्षं झाली,
तरी ऊन तापलं की भिंतींना
काहीतरी तेलकट, खारट आठवतं.

गोल्वेन खिडकीशी बसून होड्यांना आकार देतो,
मी त्या आकारांना विचारते : किती किलो?
रंग किती, सरस किती, स्क्रू किती,
कॉफीचा मग किती,
आणि तो भरलेला धरायचा की रिकामा.

शर्यतीच्या होडीची प्रकृती तोळामासा.
तिचा कप्तान तांगी दर सोमवारी येतो
आणि काहीतरी कमी करून मागतो.
दारं गेली, उशा गेल्या,
टूथब्रशची दांडी करवतीनं अर्धी झाली.
परवा डोकं भादरून आला,
काट्यावर उभा राहून माझ्याकडे बघत राहिला.
लिहून घेतलं. मापात पाप नको.

दुसरी होडी सावकाश भटकायची.
अकरा मीटर, तांबूस शिडं,
ओडिल आणि आर्मेल केमेनेर यांची.
तिला शिलाई मशीन हवं, अकरा किलो, बीडाचं.
त्याला ठेंगण्या पायऱ्या, डाव्या गुडघ्यासाठी.
त्या पायऱ्यांपायी गोल्वेननं
आतली सगळी खोली तीनदा खोडली.
माझ्या तक्त्यात ओळ एकशे सतरा :
माणूस दुसरा, ब्याऐंशी किलो, सुकाणूपाशी.

फेब्रुवारीत आर्मेल गेला.
होडी तेव्हा नुकती साच्यातून निघाली होती.
ओडिल आली, ओला कोट न काढता बसली.
पुरी करा, म्हणाली. पायऱ्या राहू देत.
गोल्वेननं आवाज खाली आणून मला विचारलं :
ब्याऐंशीचं काय? तेवढं शिसं घालायचं?
हिशेब केला. सोपा होता, तेच वाईट.
माणूस वजा केला तर होडी
चार मिलिमीटर वर तरंगेल.

तिनं करंगळीच्या नखावर चार मिलिमीटर मोजले.
एवढंच?
खाली कोणीतरी पॉलिश पेपरनं काहीतरी घासत होतं,
ते थांबेपर्यंत कुणी बोललं नाही.
शिसं नको, म्हणाली.
पाण्याची रेघ त्याला धरून आखली होती ना?
तिथंच रंगवा.

मे महिन्यात होडी पाण्यात उतरली.
त्याच आठवड्यात तांगी नववा आला;
वारा पडला, म्हणाला. केस वाढायला लागलेत.
मी धक्क्यावर गुडघे टेकून वाकून पाहिलं :
तळाच्या तांबड्या रंगाची एक कड
पाण्याबाहेर. दोऱ्याएवढी.
लाट आली की भिजायची,
मग वाळायची.

ओळ एकशे सतरा तक्त्यात अजून आहे.
काढून टाक, गोल्वेन म्हणतो, बेरीज चुकते.
ब्याऐंशीनं चुकते.
मला ठाऊक आहे.