सात ओळींची जागा

उर्दू बाजाराच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर
मी डायजेस्टची पानं लिहायचो.
लिहायचो म्हणजे रचायचो नाही, उतरवायचो:
पिवळ्या कागदावर, बोरूने, पानाला अकरा रुपये,
चूक सापडली तर त्यातून एक वजा.

दर महिन्याच्या आठ तारखेला चिचावतनीहून
रजिस्टर पाकीट यायचं. आत शाळेच्या वहीचे कागद,
कडेला हळदीचे डाग. नाव: उमैमा तलअत.
बाईंना मी कधी पाहिलं नाही.
पण त्या दमल्या की नुक्ते ओळीवरून घरंगळायचे,
आणि गोष्टीत सासरची माणसं आली
की अक्षर एकदम ताठ व्हायचं,
ओढणी सारखी करून बसल्यासारखं.
एवढी ओळख पुष्कळ होती.

सत्त्याऐंशीच्या मार्चात
केसतेलाची जाहिरात ऐनवेळी रद्द झाली.
पानाच्या तळाशी सात ओळी मोकळ्या.
संपादक कय्यूमसाहेब कुणाच्या तरी जनाज्याला गेलेले,
प्रेसचा पोऱ्या खाली सायकलची घंटा बडवतोय.
गोष्टीत दुरदानाचा नवरा नुकताच कुवेतला गेला होता.
मी बोरू बुडवला.

दुरदानाने सवयीने दोन कप मांडले.
मग एक उचलला. धुतलेलाच होता,
तरी पुन्हा धुतला, आणि पुसून उलटा ठेवला.

एक एक काफ लांबवत सात ओळी भरल्या.

महिनाभर घास गोड लागला नाही.
दुसरीच्या हंडीत मी मीठ टाकलं होतं.
आठ तारखेला पाकीट फोडलं, उभ्यानेच वाचत गेलो.
चौथ्या कागदावर दुरदाना ओटा आवरत होती.
उलटा ठेवलेला कप तिच्या हातून निसटला
आणि त्याचा कान तुटला.
बस, एवढंच. तक्रार नाही, चिठ्ठी नाही.
कपाचा कान.
म्हणजे बाईंना ऐकू गेलं होतं.

त्यानंतर पदरचा एक शब्द घातला नाही.
घालावासा वाटला. दोनदा.
मग कॉम्प्युटर आला, मी लग्नपत्रिका लिहिल्या,
मग दुकानांच्या पाट्या, मग हात कापायला लागला.

आता त्या गोष्टीची मालिका झालीय, बुधवारी रात्री आठला.
चिचावतनीची गल्ली डिफेन्समधला बंगला झाली,
कुवेतचं टोरांटो.
दुरदाना हे नाव जुनं वाटतं म्हणे, ती आता आयरा.
मूळ गोष्टीत दोन पानांत बिचारी मरून जाणारी नणंद
तीन भाग झाले, कुणाला तरी जिन्यावरून ढकलतेय.
थप्पड एक बसते, दिसते तीन बाजूंनी.
रईसा बघते. मी शेजारी शेंगा सोलतो.

काल, नवव्या भागात, व्हायोलिनं अचानक थांबली.
चकचकीत ओट्यावर त्या मुलीने दोन कप मांडले.
एक उचलला. नळाखाली धरला.
वाटलं, पुसायचं विसरेल.
विसरली नाही.
उलटा ठेवला.

रईसाने ओढणी नाकाला लावली.
म्हणाली, हे बाईच लिहू जाणे.
पुरुषाला कुठून कळणार,
धुतलेलं पुन्हा का धुतात.

आमचा मुनीब मस्कतला गेला ती सकाळ.
ही पाठमोरी उभी होती, नळ बराच वेळ वाहत होता.
मी चपला हातात घेऊन
दारातूनच मागे फिरलो होतो.

खरंय, मी म्हणालो. चिचावतनीच्या कुणी बाई होत्या.

तुम्हाला काय ठाऊक?
तिने माझ्याकडे बघितलं,
आणि तेवढ्यात वीज गेली.