घड्याळ न दिसणारी खुर्ची

नेरूळ, सेक्टर एकोणीस. खाली झेरॉक्स आणि स्टॅम्प पेपर,
वर मी. दारावर पाटी: समुपदेशन, वेळ ठरवूनच यावे.
खालच्या ड्रॉवरमध्ये डबा असतो,
सकाळी बांधला तसाच,
रबरबँडचा पीळही न हललेला.

दुपारी करावे गावातून आईचा फोन.
जेवलीस का गो?
जेवले, म्हणते मी.
इतक्या वर्षांत हा शब्द इतका गुळगुळीत झालाय
की खोटा म्हणून हाताला लागतच नाही.

चार वाजता युगंधरा येते. वय सतरा,
महिना मे, अंगात स्वेटर.
वही पुढे सरकवते. मी वाचते.
खाडाखोड आहे तिथे थांबत नाही,
अक्षर फार सुबक आहे तिथे थांबते.
कसं ओळखता हो ताई?
अनुभव, म्हणते मी.
हे मात्र खरं.

कपाटात या विषयावरची बारा पुस्तकं.
समासात माझीच पेन्सिल:
रुग्णाला सांगावे. रुग्णाने टाळावे.
मी असं एकाही पानावर नाही.

त्या मंगळवारी नेहमीसारखी बिस्किटांची बशी ठेवली.
तिने एक उचललं. बराच वेळ नुसतं धरलं.
मग दुसरं उचलून माझ्यापुढे केलं.
तुम्ही घ्या, मग मी.
पोरगी भांडत नव्हती, सौदा करत नव्हती,
तिला फक्त बघायचं होतं
की हे माणसाला जमतं का.

माझं आत्ताच झालंय, म्हटलं मी.
तिने दोन्ही बिस्किटं परत ठेवली
बशीच्या कडेला, एकावर एक, नीट.

रात्री शीबा कुरियनला फोन लावला.
चौदा वर्षं ती माझ्या केसेस ऐकते.
म्हटलं, एक केस आहे. बाई. एकेचाळीस.
व्यवसाय…
आणि आवाज बसला.
पलीकडे कुकरची शिट्टी अर्ध्यात थांबली.
मग तिच्या त्या मल्याळी वळणाच्या मराठीत,
नाव नको सांगू. पण माझ्याकडे येऊ पण नको.
माझ्यासमोर तू हुशार राहशील.
ऐरोलीला शिरीन दलाल आहे, तिच्याकडे जा.
फी पूर्ण दे. ओळखीची सवलत मागू नको.

आणि पोरीचं काय? पाटी काढू का?
ते आपण दोघींनी ठरवायचं, तू एकटीने नाही.
तोवर तिला मी बघते.
आणि ऐक, दुसऱ्या शनिवारी सीवूड्सला आम्ही बसतो. पाच जण.
पाच?
पाच. सगळ्यांच्या दारावर पाट्या आहेत.

ऐरोलीला मी समोरच्या खुर्चीत बसले.
इथून घड्याळ दिसत नाही.
सोळा वर्षं मीही ते असंच टांगलंय,
येणाऱ्याच्या पाठीमागे,
आणि मला ठाऊक नव्हतं
की इथे वेळ नुसती ऐकू येते.
टिश्यूचा खोकाही वाटतो त्यापेक्षा लांब असतो,
हात पुरता पसरावा लागतो.

बरं वाटलं, असं लिहिणार नाही.
पावती घेतली. खाली रिक्षा नव्हती. चालले.

शनिवारी सीवूड्सला डबे काढले सगळ्यांनी.
नियम एकच, कुणी कुणाच्या ताटाचं कौतुक करायचं नाही.
हुसेनभाईंनी सोसायटीच्या पाण्याचा विषय काढला
आणि पाणी पुरलं आम्हाला तासभर.
मी रबरबँड काढला. झाकण घट्ट बसलं होतं.
आत भेंडी.

भेंडी मला आवडत नाही.
मी थांबून पुन्हा तपासलं, माझ्याच वहीत बघावं तसं:
भीती नाही. हिशेब नाही. शिक्षा नाही.
बुळबुळीत असते, म्हणून आवडत नाही.
नऊ वर्षांची असताना पडवीत बसून
याच कारणासाठी मार खाल्ला होता.

मोठ्याने म्हणाले, मला भेंडी आवडत नाही.
कुणी वही उघडली नाही.
हुसेनभाईंनी टँकरचं बोलता बोलता
आपली वांग्याची वाटी माझ्याकडे सरकवली.
मी चमचा शोधू लागले.