ब्याण्णव

जाळीमागे आज सात जण आहेत.
सात टोप्या, सात रंग,
कपाळावर चार वर्षांच्या कॉलेजांची अक्षरं,
आणि सात रडार गन
रोखलेल्या माझ्या पाठीवर.
म्हणजे माझ्या खांद्यावरून पलीकडे,
पेटिग्रूच्या उजव्या हातावर.
मी वाटेत उकिडवा बसलोय, इतकंच.

आकड्यासाठी मला वळून बघावं लागत नाही.
अठ्ठ्याऐंशीला तळवा चुरचुरतो,
नव्वदला मनगटापर्यंत कळ जाते,
ब्याण्णवला
मागे कुणीतरी खाकरतं आणि पेन शोधतं.

पश्चिम कॅन्ससमधलं हे दोन वर्षांचं कॉलेज.
धान्याच्या कोठीहून उंच इथे काही नाही,
वारा दिवसभर डाव्या कुंपणाकडून.
इथे कुणी राहायला येत नाही;
पलंगाखालची बॅग अर्धी भरलेलीच असते.
दुसऱ्या वर्षाचा एप्रिल लागला की
जो तो फोन पालथा ठेवून जेवतो
आणि दर दोन घासांनी सुलटा करून बघतो.

कोच मॅकॲडू रोज संध्याकाळी मोठ्या कॉलेजांना फोन लावतात.
दार उघडंच असतं.
पेटिग्रूसाठी ते आकडा सांगतात.
माझ्यासाठी म्हणाले,
"मुलगा स्वभावाने फार चांगला आहे."
मी बाहेर चेंडूंची बादली धरून उभा.
काय ते तेव्हाच कळलं.

फेब्रुवारीत एक कॉलेज पंचवीस टक्के देऊ म्हणालं.
आई पॅकिंग प्लांटातून रात्रपाळी करून आलेली,
सुरी धरून आखडलेली बोटं गरम पाण्यात.
"एफ्राइन, उरलेले पंच्याहत्तर कोण देतंय?"
पुढे त्यांनीच माझे फोन घेणं बंद केलं
आणि हिशेब सुटला.

सहावी इनिंग. तिसऱ्या बेसवर त्यांचा माणूस.
ब्याण्णवचं आता सत्त्याऐंशी झालंय,
माझ्या तळव्याला ठाऊक, पेटिग्रूला नाही.
मी दोन बोटं दाखवली.
त्याने मान हलवली, नाही.
पुन्हा दोन.
कर्व्ह प्लेटच्या अलीकडे मातीत बसला,
बॅट वरून निघून गेली,
चेंडू माझ्या छातीवर, तिथून गुडघ्यांत,
शेपूट घातलेल्या कुत्र्यासारखा गप्प.
उचलून बॅटरच्या मांडीला टेकवला.

मॅच संपली. सातही जण पेटिग्रूभोवती.
मी दाताळ्याने प्लेटजवळची माती सारखी करत होतो.
जाळीशी एक आठवा उभा होता,
टोपी कोरी, गन नाही,
गालात सूर्यफुलाच्या बिया.

"तिसऱ्यावर माणूस, आणि मातीतला कर्व्ह मागितलास?"
"त्याचा फास्टबॉल संपला होता."
"त्याने सांगितलं?"
"त्याला माहीत नव्हतं."
"चेंडू मागे गेला असता तर?"
"नसता गेला."
तो थोडा वेळ माझ्या गुडघ्यांकडे बघत राहिला.
"अल्जिब्रा?"
"सी."
"हं," म्हणाला. टरफलं थुंकला.
कार्ड दिलं नाही.
नाव विचारलं, स्पेलिंगसकट.

व्हॅनमध्ये आईचा मेसेज:
आज किती आले होते?
मी सात लिहिलं.
खोडलं.
आठ.