दहा मिनिटांसाठी परत

सुया बोर्डात असतात. प्रोसेसरच्या पोटाला नुसत्या टिकल्या.
अकराशे पंचावन्न.
अकराशे छप्पन्नचा घेतला असतात तर
एका टिकलीवरून मोडलं असतं,
तपकीर गल्लीत काउंटरवर कोपर टेकून
इलियास मोमीन म्हणाला. आणि वर,
"तुमच्या धंद्यातलंच आहे मॅडम, पत्रिका जुळली पाहिजे."
मी पत्रिका छापते, जुळवत नाही, मी म्हटलं.
त्याने जुन्याचे दोनशे वजा केले.

नारायण पेठ, जिन्याखालची दहा बाय आठ.
कॉम्प्युटर चौदा वर्षांचा.
नवा घे, सगळे सांगतात.
पण माझं टाइपसेटिंगचं सॉफ्टवेअर डोंगलला बांधलेलं,
ते काढणारी कंपनी केव्हाच मिटली,
नवं विंडोज त्याला दारात उभं करत नाही.
म्हणून मेंदू तेवढा बदलायचा, बाकी घर तेच.

दुसऱ्या पिढीचा काढला, तिसऱ्या पिढीचा ठेवला.
सोनेरी त्रिकोणाला त्रिकोण, खाचेला दात.
दांडी दाबताना करकरलं, हाड मोडावं तसं.
मसुराएवढी पेस्ट.
बटण. पंखा फिरला.
पडदा काळा.

रॅम खोडरबराने पुसली. काळाच.

"बसलाय ना नीट?" इलियास फोनवर.
बसलाय.
"मग बोर्ड ओळखत नसेल. त्याचं बायॉस अकरा सालचं,
हा जन्मला बारा साली. नवं बायॉस चढवा, ओळखेल."
चढवू कसं, चालूच होत नाही.
"जुना घाला, चालू होईल."
जुना तुमच्याकडे आहे.
तिकडे जरा वेळ नुसता गल्लीचा आवाज.
"मग या."

ट्रेमध्ये त्याच्यासारखे तीसेक.
कुठलाही न्या, एकाच वळणाचे आहेत, तो म्हणाला.
मी माझाच शोधला. पाठ पुसायची राहिली होती,
वाळक्या पेस्टमध्ये माझा अंगठा होता.

बुधवार, रात्रीचे अकरा. उद्या गुरुवार,
महावितरण कधी वीज काढेल नेम नाही,
आणि यूपीएस फक्त पाय ठेवायला उरलाय.
बायॉस चढताना वीज गेली तर बोर्डाचा दगड.
जुना बसवला. पेनड्राइव्ह लावला.
चार टक्के.
नऊ.

एकतीसला वाघोले आठवले.
प्रेसमधले खिळे भंगारात गेले त्या वर्षी
मालकांनी त्यांना घरून परत बोलावलं, पंधरा दिवसांसाठी:
या मुलीला जोडाक्षरं दाखवा जरा.
माझ्या खुर्चीमागे उभे राहायचे.
बोटं शाईची, म्हणून पडद्याला लावत नसत,
वीतभर लांबूनच दाखवायचे.
"ध्द नव्हे पोरी, द्ध. द उभा, ध त्याच्या पोटाशी."
सत्तावीस वर्षं केसमधून न बघता उचललेलं अक्षर
ते मला हवेत काढून दाखवत.
सोळाव्या दिवशी आले नाहीत.
मी विचारलंही नाही कुणाला.
माझा पगार त्याच महिन्यात वाढला.

साठ. साठ. बराच वेळ साठच.
शेजारच्या फ्रिजने धक्का देऊन श्वास घेतला, दिवा लुकलुकला,
मी टेबल घट्ट धरलं, जणू त्याने वीज थांबते.

शंभर.

मग जुना पुन्हा काढला.
या वेळी पाठ पुसली, स्पिरिट लावून, कोपऱ्यांपर्यंत.
नवा ठेवला. करकर.
पडद्यावर पांढरी अक्षरं, पहिल्याच ओळीत त्याचं नाव, आकड्यासकट.

बारा वाजून गेले होते. सकाळी द्यायची पत्रिका उघडली.
मुलीच्या काकांनी पाठवलेला मजकूर:
वैशाख शुध्द सप्तमी.
ध उचलून द च्या पोटाशी नेला.
बोटं पेस्टने करडी, म्हणून पडद्याला न लावता
ओळ लांबूनच तपासली.

इलियासचे दोनशे द्यायचे आहेत.
तो म्हणाला होता, काम झालं की ट्रेमध्ये टाकून जा.


नाही टाकणार.