आठ मोलर युरिया

मे महिन्यात धुळ्यात स्वेटर घेऊन फिरणारी
बहुधा मी एकटीच.
रिक्षावाला पिशवीकडे बघून म्हणाला,
मॅडम, मनालीला का?
म्हटलं, साक्री रोड. संस्थेच्या गेटापाशी सोडा.

बाहेर पंचेचाळीस, कोल्ड रूममध्ये चार.
मधे एक दार, त्याला रबराची झालर.
दिवसातून वीसदा मी ते ओलांडते
आणि प्रत्येक वेळी चष्म्यावर धुकं.

तीन वर्षं झाली या प्रथिनाशी ओळख होऊन.
डोळ्याच्या भिंगातलं आहे.
जन्माआधी घातलेली घडी
मरेपर्यंत मोडायची नाही, एवढंच त्याचं काम.
बदली मिळत नाही, रजा नाही.
माझ्याकडच्या नमुन्यात एकच मणी बदललेला,
एकशे त्र्याहत्तरातला एक,
आणि तेवढ्यानं सगळी घडी विस्कटते.
जीवाणूंकडून बनवून घ्यावं
तर नासलेल्या दुधासारखं तळाशी बसतं.

तडवी मॅडम म्हणतात, त्याला घाई होतेय.
सदतीस अंशांवर कुणाला नीट सुचतं?

पेशीत शॅपरॉन असतात. वहीत मी त्यांना करवली लिहिते.
नवरीचा पदर सावरायचा,
गर्दीत कोपर धरून ठेवायचं
आणि फोटोत कडेला अर्धंच दिसायचं.
माझ्या प्रथिनाला तीन करवल्या देऊन पाहिल्या.
तिघींना घेऊन बुडालं.

मग उरतो तो हा उपाय : आठ मोलर युरिया.
चुकलेली घडी उकलायची. पार धाग्यापर्यंत.
मग युरिया काढून घ्यायचा, कळू न देता,
आठाचा सहा, सहाचा चार,
पिशवी बीकरमध्ये, बीकर थंडीत,
पाणी बदलायला रात्री दर तीन तासांनी मी.

रात्रपाळीला सुपडू अण्णा. जनरेटर त्यांच्याकडे.
डबा उजव्या डोळ्याजवळ धरून त्यांनी लेबल वाचलं.
डाव्यात सायीसारखं काहीतरी उतरलेलं,
दोंडाईच्याच्या शिबिरात नंबर लागलाय, जात नाहीत.
"ताई, हाई ते आम्हीन कपाशीले टाकतस."
हो अण्णा, तेच.
"मंग तुम्हीन आठे काय पिकाडतस?"

फेलोशिपच्या दोन मुलाखती झाल्या माझ्या.
इतका सरळ प्रश्न कुणी विचारला नव्हता.
म्हटलं, डोळ्यातली काच.
ते हसले. मी थट्टा करतेय असं वाटलं असावं.

एक चाळीसला लाईट गेली.
काट्याकडे बघत मी आत बसून राहिले, दार न उघडता.
चार. पाच. साडेसहा.
बाहेर अण्णा अंधारात हातानं चाचपत,
एकदा खडखडाट, मग काही नाही, मग शिवी,
मग सगळी इमारत थरथरून चालू झाली.
अकरा मिनिटं.
रजिस्टरमध्ये त्यांनी सात लिहिली.

सकाळी पिशवीच्या तळाशी पांढरा गाळ होताच.
पाचातले चार भाग गेले असतील.
वरचं निवळ तेवढं यंत्रात घातलं.
कालपर्यंत शिखर तीनशे एक्कावन्नावर होतं.
आज तीनशे चौतीस.
म्हणजे जे बाहेर उघडं पडलं होतं
ते आत गेलंय, पाण्यापासून लपलंय.
म्हणजे कदाचित.
अजून दोनदा करावं लागेल, तसंच, तेवढंच थांबून.
तीस जूनला माझं पद संपतं.

मॅडमना फोन लावणार होते, पण सहाच वाजले होते.
ड्यूटी संपवून अण्णा डबा घ्यायला आले.
त्यांच्या हातात नळी दिली.
खिडकीतल्या उन्हात धरून त्यांनी फिरवली.
"आठे ते काहीच नही शे, ताई."
काहीच नाही, अण्णा. आरपार दिसतंय ना?

त्यांनी मान हलवली.
मग उजवा डोळा तळहातानं झाकून
पुन्हा बघायला लागले.