तिसरं प्रूफ

रात्री साडेअकराला पान पाठवलं
आणि झाकलेली भाकरी काढायला उठलो, तेवढ्यात
लाल फुली.
चार तपासण्या. चारही नापास.

लोकेश पुण्याहून फोनवर म्हणाला,
काका, फुली आली म्हणजे कुणी रागावलेलं नसतं,
यंत्र आहे ते. वाचा, दुरुस्त करा, परत पाठवा.
मी म्हटलं, बाबा रे, एकोणतीस वर्षं
अमळनेरात, सुलभ मुद्रणालयात, हेच करून पोट भरलं.
फक्त तेव्हा लाल शाई माझ्या हातात असायची.

पान कसलं, तर अक्षरजुळणीच्या
एका फुकट, सगळ्यांच्या मालकीच्या प्रणालीचं,
मदतीचं: जोडाक्षरं कशी उमटवावीत.

ओळ चौदा, शेवटी दोन जागा रिकाम्या.
डोळ्याला दिसत नाहीत. कर्सर नेऊन चाचपल्या.
हसू आलं.
आमच्याकडे रिकामी जागासुद्धा शिशाची असायची,
बोटांनी उचलून ठेवायची,
एक जास्त झाली की ओळ फुगायची, चौकट कसायची नाही.
हिला वजन नाही, तरी हिचाही हिशेब आहे म्हणजे.
काढल्या दोन्ही.

मग तुटलेला दुवा.
पलीकडचं पान कुणीतरी दुसऱ्या कप्प्यात ठेवलं,
सांगितलं नाही.
म्हाळसाबाई खिळे परत लावताना असंच करायची,
क्षचा खण परस्पर बदलायची.

तिसरी: शब्द अज्ञात. बठ्ठं.
ठ्ठचा नमुना म्हणून मीच दिलेला.
यंत्राने अदबीने विचारलं,
तुम्हाला 'बट्टा' म्हणायचं आहे का?
आता याला काय सांगू.
दिवे लागले की आई ओट्यावरून विचारायची,
बठ्ठं व्हयनं का?
त्यात गाय, चूल, माझा अभ्यास, सगळं यायचं.
शब्दांची यादी उघडली.
बट्टा आणि बडगा यांच्या मध्ये
बठ्ठं बसवलं.
सरकून घेतलं त्यांनी.

चौथी फुली नावाची.
पाठवणारा लोकेश बाविस्कर, सही भिकन बाविस्कर.
लॅपटॉप त्याचा जुना, नाव त्याचंच राहिलेलं.
सही म्हणजे हमी:
हे मी लिहिलं, आणि द्यायचा हक्क माझा आहे.
हजारो पानं तपासली, एकावरही माझं नाव नाही.
मुद्रक म्हणून मालकाचं असायचं,
तळाशी, बारीक टाइपात.
टंकलं. दोनदा वाचलं.
स्वतःच्या नावाचं प्रूफ कधी वाचलं नव्हतं.

पावणेदोनला चारही हिरव्या.

आणि नेमकी तेव्हाच ती पत्रिका आठवली.
बेटावदचं लग्न, पंधरा तारीख.
मी सोळा जाऊ दिली.
गावात सगळ्यांना तोंडी माहीत होतं.
सुरतेहून आलेल्या मामाला नव्हतं.
तो उतरला तेव्हा मांडवाच्या बल्ल्या काढत होते,
आणि त्याच्या काखेत साडीचा खोका.

हे यंत्र तेव्हा असतं तरी चुकलंच असतं.
पंधरा शुद्ध. सोळाही शुद्ध.

पानाखाली आता लिहून आलंय:
माणसाच्या वाचनाची प्रतीक्षा.
कुठल्या देशात कुणीतरी उठेल,
तोंड धुईल, मग माझी ओळन् ओळ बघेल.
आमच्याकडे त्याला तिसरं प्रूफ म्हणायचे,
ते गिऱ्हाइकाकडे जायचं,
आणि गिऱ्हाईक न वाचताच सही करायचं.

कळण्याची भाकरी, गार, ठेच्याशी, उभ्यानेच खाल्ली.
रस्त्यावरून धुळ्याकडे एक टेम्पो गेला.
दिवा मालवायला हात नेला
आणि सवयीने पान पुन्हा वरपासून वाचलं.

ओळ एकतीस.
हलन्त आधी दाबा, असं लिहिलंय मी.
नंतर हवं.

चार हिरव्या खुणा तशाच शांत.
आधी शुद्ध आहे. नंतरही शुद्ध आहे.

खुर्ची ओढली.