श्वास धरा

आठवडाभर मी माणसांना सांगते, हलू नका.
सिव्हिल हॉस्पिटल, तळमजला, खोली क्रमांक नऊ.
हनुवटी वर, खांदे पुढे, छाती पाटीला टेकवा,
श्वास धरा... धरा...
सोडा.
एवढ्यात मावतं माणसाचं चित्र.
बरगड्यांच्या जाळीत डावीकडं कललेलं हृदय,
तेवढं एक काही केल्या थांबत नाही,
त्याची कड किंचित पुसट येते.
आम्ही ती चूक धरत नाही.

रविवारी पहाटे साडेचारला स्कूटर काढते.
हप्त्यावर घेतलेली सेकंडहँड लेन्स
लेकराच्या दुपट्यात गुंडाळून पाठीवर.
चांदोरी मागे पडते. पुढे निफाडची थंडी,
हातमोज्यातून थेट हाडाला विचारणारी.
द्राक्षबागांना ऊब म्हणून पेटवलेल्या शेकोट्या,
त्यांचा धूर रस्त्यावर आडवा.
चापडगावात पुंजाबा उभा असतो
मफलरीत फक्त डोळे ठेवून.
एके काळी या पाण्यात जाळं टाकायचा,
आता गळ्यात दुर्बीण आहे, आणि खोकला.

त्या खोकल्याचं घर मी पाहिलंय.
भाद्रपदात आला होता नऊ नंबरला,
गळ्यातला काळा दोरा काढायला तयार नव्हता.
काढला, मुठीत धरला, पाटीला टेकला.
रिपोर्टवर काय लिहिलं होतं
ते आम्ही दोघं बोलत नाही.
इथे बोलतो ते शेकाट्यांचं,
पाणकणसात शिरलेल्या जांभळ्या कोंबडीचं,
आणि काल उशिरा उतरलेल्या बदकांचं.

गोदा आणि कादवा मिळतात तिथून थोडं वर,
बेशरमीच्या झुडपाआड आम्ही बसतो.
धुकं पाण्यावरून उठायला तयार नाही.
मग तो येतो. कवडा धीवर.
काळा-पांढरा, जुन्या फिल्मसारखा.
पाण्यावर दोन पुरुष उंच थांबतो,
म्हणजे पंख थांबत नाहीत, पिसाटतात,
डोकं मात्र हवेत ठोकलेला खिळा.
हलू नका ताई, पुंजाबा म्हणतो.
माझं वाक्य, त्याच्या तोंडून.

मी सेकंदाचा अडीच हजारावा भाग
बोटाखाली धरून बसते.
श्वास धरते.
धीवर धरतो.
धुकंसुद्धा, वाटतं, धरतं.
खाली कुठेतरी एक मासा
आपलं नेहमीचं वळण घेतो

आणि दगड सुटावा तसा तो सुटला.
खटखटखटखट
तीस फ्रेम.

त्यानंतर पाठीमागे तो खोकला.
आधी एक, मग उबळ, मग वाकून, गुडघे धरून,
थांबेचना.
शेकाटे उठले, बदकं उठली, सगळं पाणी उठलं.
तेव्हा कळलं मला,
इतका वेळ त्यानं तो छातीत दाबून ठेवला होता
माझ्या फोटोसाठी.
आणि सोडा म्हणायचं
ज्या बाईचं काम
ती डोळा लावून बसली होती.

पाणी दिलं. पाठ चोळली.
दुर्बीण त्याच्या छातीवर हेलकावत होती.
बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं,
आला का?
छोट्या पडद्यावर आम्ही दोघं वाकलो.
पाणी. पाणी. शेंडा उडालेलं पाणी.
एका चौकटीच्या कोपऱ्यात शेपटीचं टोक.
वर्तुळं, मोठी होत गेलेली.
मासा?
नाही दिसत.
सुटला असंल मग, तो म्हणाला,
आणि जन्मभर मासे धरलेला माणूस
खुशीत हसला. हसता हसता पुन्हा खोकला.

चहा घेतला. पैसे त्यानंच दिले.
पुढच्या महिन्यात परत फोटो काढायचाय,
छातीचा, म्हणाला,
तुमच्याकडंच येतो.
या, म्हटलं. दोरा घरी ठेवून या.

सोमवारी खोली क्रमांक नऊ.
चार वर्षांची पोर, पाटीपुढं टिकेना.
आई दटावते, मामा खाऊ दाखवतो.
मी म्हटलं, बघ हं, इथून आता पक्षी उडणार.
ती गप्प झाली. ताठ झाली.
कोणता? म्हणाली.

बटणावर बोट तसंच राहिलं माझं.